क्षयरोगावर घरीच उपचार

क्षयरोगी आरोग्यधामात राहिल्यावाचून बरा होत नाही, असा एके काळी समज होता. परंतु भारतात रोगी लाखोंनी, खाटा मात्र मोजक्या. म्हणून १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना इत्यादींनी मद्रास येथे प्रयोग आरंभिला. १९३ गरीब रोग्यांचे यदृच्छेने दोन गट करून एकास घरी, दुसऱ्यास आरोग्यधामात वर्षभर तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : निकस आहार व दाटीवाटी असूनही घरी गुण जवळजवळ तितकाच आला, कुटुंबीयांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही. मात्र औषध मध्येच सोडल्यास जंतू त्यास दाद देईनासे होतात. संशोधनावर वेचलेले द्रव्य असे गरिबाच्या दारी औषधरूपाने पोहोचते. तेथे केलेली काटकसर अखेरीस महागच पडते.