माशाची लांबी, वजन आणि वय: चार गैरसमज

वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. या पट्ट्यातल्या आठवडी बाजारात नदीचा रोहू आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाचा रोहू एकाच तराजूत पडतो. काटा वजन सांगतो. बाकीचा हिशेब मात्र आपण अंदाजाने मांडतो आणि तिथेच फसतो.

गैरसमज: लांबी दुप्पट झाली की वजनही दुप्पट.
वस्तुस्थिती: मासा लांबीबरोबर रुंदीने आणि जाडीनेही वाढतो, म्हणून वजन साधारण आठपट होतं. 30 सेंटिमीटरचा रोहू 300 ग्रॅम भरला, तर त्याच अंगाचा 60 सेंटिमीटरचा रोहू सुमारे 2 किलो 400 ग्रॅम भरायला हवा. 1 किलो 800 ग्रॅमच भरला, तर तो हडकलेला समजावा. मात्र ही तुलना एकाच जातीत करायची. कटल्याचं अंगच रुंद, त्याला रोहूचं माप लावून चालत नाही. लांबीही दर वेळी एकाच पद्धतीने घ्यावी. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी वेगळी, शेपटीच्या खाचेपर्यंतची वेगळी.

गैरसमज: सारख्या आकाराचे मासे सारख्या वयाचे.
वस्तुस्थिती: खाद्य भरपूर आणि गर्दी कमी असलेल्या तलावात रोहू वर्षभरात पाऊण ते एक किलोचा होतो. दाटीवाटीत त्याच वयाचा मासा पावभरावरच अडतो. वय पाहायचं तर खवला भिंगाखाली धरावा. वाढ मंदावते तिथे त्यावरच्या रेषा दाट होतात. पण उपासमारीनेही तशाच रेषा उमटतात, म्हणून अभ्यासक कानातला खडाही तपासतात. शिंगाळ्याला खवलेच नसतात. त्याच्या काट्याची पातळ चकती कापून पाहतात.

गैरसमज: पावसाळ्याच्या तोंडाला मासा भराभर वजन धरतो, म्हणजे तो झपाट्याने वाढतो.
वस्तुस्थिती: मादीच्या बाबतीत ते वजन बरंचसं गाभोळीचं असतं. अंडी सोडली की वजन उतरतं, लांबी तेवढीच राहते. म्हणून वजनाबरोबर तारीखही नोंदवावी.

गैरसमज: अर्ध्या किलोचा रोहू म्हणजे पूर्ण वाढलेला मासा.
वस्तुस्थिती: माशाची वाढ एका वयाला थांबत नाही, मंदावते, पण आयुष्यभर चालू राहते. नदीतली रोहूची मादी अंड्यावर येते ती साधारण अर्धा मीटर लांबीच्या आसपास, म्हणजे किलोच्या पुढे गेल्यावर. तलावातला अर्धा किलोचा रोहू काढला तर पुढल्या वर्षी बीज विकत आणून सोडता येतं. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने रोहूसारख्या कार्प माशांचं प्रजनन घडवलं, त्यातून ही सोय झाली. नदीत मात्र त्याच मापाची मादी जाळ्यात आली, तर ती बहुधा एकदाही अंडी न घालता गेलेली असते.