तारे मोजणाऱ्यांची गरज

अमावास्येच्या आगेमागे येणारा शनिवार म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकांची पर्वणीच. दुर्बिणी, नकाशे आणि तांबडा कागद लावलेल्या बॅटऱ्या घेऊन ही मंडळी शहराबाहेर पडतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून या छंदाची जोपासना करीत आली आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८६ मधील आगमनाच्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर कित्येकांना पहिल्यांदा आकाशाची ओळख करून दिली. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु जे दाखवावयाचे तेच दिवसेंदिवस दिसेनासे होत असेल, तर केवळ दाखविण्यावर समाधान मानणे पुरेसे नाही.

ही भीती निराधार नव्हे. ‘सायन्स’ या साप्ताहिकात जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०११ ते २०२२ या काळात रात्रीच्या आकाशाची उजळी दरसाल सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आठ वर्षांच्या आतच ती दुप्पट होते. जेथे जन्मलेल्या मुलाला आज २५० तारे दिसू शकतात, तेथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा जेमतेम १०० उरतील.

विशेष हे की, हा निष्कर्ष महागड्या उपकरणांनी दिलेला नाही. उपग्रहांनी नोंदविलेली वाढ याहून पुष्कळच कमी होती. कारण एलईडी दिव्यांचा निळसर प्रकाश त्यांच्या यंत्रांना नीट टिपता येत नाही आणि जाहिरातफलकांचा आडवा प्रकाशही बराचसा निसटतो. खरी स्थिती उघड झाली ती सामान्य माणसांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींतून. मात्र यातील बहुतेक नोंदी युरोप व उत्तर अमेरिकेतील आहेत. आपल्या आकाशाचा हिशेब आपणच ठेवलेला नाही.

वास्तविक हे काम अगदी साधे आहे. हिवाळ्यातील चंद्रहीन रात्री, सूर्यास्तानंतर तासाभराने उघड्यावर जावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मृग नक्षत्राकडे पाहावे. क्रमाक्रमाने अधिक तारे दाखविणाऱ्या नकाशांपैकी कोणता समोरच्या आकाशाशी जुळतो, तेवढे स्थळ-वेळेसह टिपावे. याला दुर्बीण लागत नाही. एखाद्या शाळेने दरवर्षी एकाच पटांगणावरून ही नोंद केली, तर दहा वर्षांत तिच्यापाशी अमोल दप्तर जमेल.

अशा दप्तराचा उपयोग काय, असे कोणी विचारील. नोंद नसलेल्या तक्रारीचा निकाल लागत नाही, हे कारकुनी करणाऱ्यास सांगावयास नको. दिवे मालवा, असा कोणाचाच आग्रह नाही. रस्त्यावर उजेड हवाच. पण आकाशातून कोणी चालत जात नाही. दिव्यांवर झाकण बसवून प्रकाश खाली वळविला, तर वीज वाचते आणि तारेही. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात असेच प्रयत्न झाले व जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ होण्याचा मान महाराष्ट्राला मिळाला.

मळलेली नदी शुद्ध व्हावयास वर्षे लागतात. विटाळलेले आकाश मात्र दिवा वळविताक्षणी निवळू लागते. हे नगरपालिकांना पटवून द्यावयाचे, तर हाती आकडे हवेत. ते गोळा करण्याइतके मनुष्यबळ आणि चिकाटी आज हौशी मंडळांपाशीच आहे.