विश्लेषण : डोळा सतत का फडफडतो? ताणाशी त्याचा संबंध काय? डॉक्टरांकडे कधी जावे?

परीक्षा आठ दिवसांवर आली आहे, किंवा ऑफिसात प्रोजेक्टची डेडलाइन तोंडावर आहे. रात्री दोनला झोप, सकाळी सहाला गजर आणि मधल्या वेळेत चहावर चहा. अशातच एके दिवशी एका डोळ्याची खालची पापणी आपोआप थरथरू लागते. काही सेकंद थांबते, पुन्हा सुरू होते. आरशात पाहावे तर फारसे काही दिसत नाही, तरी समोरच्या प्रत्येकाला ते दिसत असणार असे वाटत राहते. दोन-तीन दिवस गेले की मोबाइलवर शोध सुरू होतो आणि मेंदूतील गाठीपासून अर्धांगवायूपर्यंत सगळे आजार समोर येतात. मग उरलीसुरली झोपही उडते.

बहुतांश वेळा हे फडफडणे निरुपद्रवी असते आणि काही दिवसांत आपोआप थांबते. मात्र काही थोड्या जणांत ते वेगळ्या विकाराचे लक्षण असू शकते. हा फरक ओळखायचा कसा?

डोळा फडफडतो म्हणजे नेमके काय होते?

डोळ्याभोवती ‘ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय’ नावाचा गोलाकार स्नायू असतो. पापण्या मिटण्याचे काम तो करतो. चेहऱ्याच्या हालचालींची चेता, म्हणजेच सातवी मस्तिष्क चेता, त्याला संदेश पोहोचवते. या स्नायूचे काही मोजके तंतू मेंदूचा हुकूम नसतानाच आकुंचन पावू लागले की पापणी थरथरते. वैद्यकीय भाषेत याला ‘आयलिड मायोकायमिया’ म्हणतात. हा त्रास बहुधा एकाच डोळ्याला आणि बऱ्याचदा खालच्या पापणीला होतो. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचेपैकी एक. त्यामुळे तिथली बारीकशी हालचालही खूप मोठी वाटते.

ताणाशी संबंध काय?

ताणाखाली शरीर ‘सज्ज’ अवस्थेत जाते. अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आणि चेता अधिक उत्तेजित राहतात. पण ताण सहसा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर अपुरी झोप येते, झोप घालवायला चहा-कॉफी येते आणि तासन् तास स्क्रीनकडे पाहणे येते. ही चारही कारणे डोळा फडफडण्याशी जोडली गेली आहेत. डोळ्यांचा कोरडेपणा, मद्यपान आणि काही औषधे हीदेखील कारणे असू शकतात. औषधामुळे त्रास होत असल्याची शंका आली, तर ते परस्पर बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

यातून एक चक्र तयार होते. डोळा फडफडतो म्हणून काळजी वाटते, काळजीने झोप उडते, झोप न झाल्याने डोळा आणखी फडफडतो. हे निरुपद्रवी आहे एवढे कळल्यानेही अनेकांचे निम्मे दडपण उतरते ते यामुळेच.

चहा-कॉफी किती चालते?

‘आयसीएमआर’ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये. १५० मिलिलिटरच्या एका कपाचा हिशेब असा : चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि ताज्या उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे कडक चहाचे पाच कपही मर्यादा ओलांडू शकतात. एनर्जी ड्रिंकचा डबा त्यात वेगळा मोजावा लागतो.

कॅफीन शरीरातून लवकर जात नाही. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी उतरायला साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. त्यामुळे दुपारनंतरचे कप आधी कमी करावेत. एकदम सगळे बंद केल्यास डोके दुखू शकते, म्हणून रोज एकेक कप कमी करणे सोपे जाते.

स्क्रीनचा वाटा किती?

एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या लववतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण बरेच घटते. अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात आणि पापणीचा स्नायू चिडतो. त्यासाठी २०-२०-२० हा नियम सांगितला जातो : दर २० मिनिटांनी २० फूट अंतरावरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचे. वीस फूट म्हणजे साधारण सहा मीटर. खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहिले तरी पुरते. एसीचा झोत किंवा पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर येऊ देऊ नये.

घरच्या घरी काय करावे?

- किमान एक आठवडा रोज सात तास झोप घ्यावी. बाकी उपायांआधी हा उपाय.
- स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून पाच-दहा मिनिटे मिटलेल्या पापणीवर ठेवावे. डोळा चोळू नये.
- कोणत्या दिवशी किती झोप झाली, किती कप चहा घेतला आणि डोळा कधी फडफडला याची मोबाइलमध्ये नोंद ठेवावी. आठवडाभरात स्वतःचे कारण सापडण्याची शक्यता असते.
- मेडिकल दुकानातून परस्पर ड्रॉप्स आणू नयेत. काही ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असते. त्याच्या दीर्घ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो.
- मॅग्नेशियमच्या गोळ्यांची समाजमाध्यमांवर चर्चा असते. पण या त्रासात त्यांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही.

‘ताण घेऊ नका’ एवढ्याने भागते का?

नाही. परीक्षा, नोकरी, कर्जाचा हप्ता सल्ल्याने नाहीसा होत नाही. पण शरीराला ‘सज्ज’ अवस्थेतून बाहेर काढता येते. श्वास सावकाश आत घेऊन त्याहून अधिक वेळ लावून सोडणे, असे पाच मिनिटे केल्यास हृदयाची गती मंदावते. रोजचे अर्धा तास चालणे झोपेला मदत करते. उद्याची कामे झोपण्यापूर्वी कागदावर उतरवली की ती अंथरुणात घोळत नाहीत. दडपण आठवडेन् आठवडे हटत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

डोळा लवणे शुभ की अशुभ?

पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, हा समज फार जुना आहे. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात सीतेचा डावा डोळा लवतो, तर कालिदासाच्या ‘शाकुंतल’मध्ये दरबारात आलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवून अनिष्ट सुचवतो. स्नायूला मात्र डावे-उजवे कळत नाही. अशुभाच्या धास्तीने झोप गेली, तर त्रास वाढतो एवढेच.

डॉक्टरांकडे कधी जावे?

फडफडणे काही आठवड्यांनंतरही थांबत नसेल, प्रत्येक वेळी डोळा पूर्ण मिटत असेल, पापणी खाली ओघळत असेल, डोळा लाल होऊन सुजला असेल किंवा गाल-ओठांपर्यंत झटके येत असतील, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटू लागतात, तो विकार ‘ब्लेफरोस्पाझम’. तो सहसा मध्यमवयानंतर आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. चेहऱ्याची एक बाजू ओढली जाते, तो ‘हेमिफेशियल स्पाझम’. यात बहुधा एखादी रक्तवाहिनी सातव्या चेतेवर दाब देत असते, त्यामुळे एमआरआय करावा लागू शकतो. दोन्हींवर बोट्युलिनम टॉक्सिनचे, म्हणजे ‘बोटॉक्स’चे, इंजेक्शन उपयोगी पडते. अमेरिकेत १९८९ मध्ये या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती सौंदर्यासाठी नव्हे, तर ब्लेफरोस्पाझम आणि तिरळेपणासाठी. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो.

अचानक तोंड वाकडे होणे, हात-पायातली शक्ती जाणे किंवा बोलताना जीभ अडखळणे ही मात्र पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बाकीच्यांची पापणी परीक्षा किंवा डेडलाइन संपली की बहुधा आपोआप शांत होते. पण दर डेडलाइनला ती पुन्हा फडफडत असेल, तर झोपेचे आणि कामाचे वेळापत्रक एकदा तपासून पाहावे.