विश्लेषण : ‘एमएस’च्या रुग्णांना पूरक उपचारांचा फायदा किती, धोका किती?

योगासने, काढे, होमिओपॅथी, ॲक्युपंक्चर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या… मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात ‘एमएस’चे अनेक रुग्ण न्यूरॉलॉजिस्टच्या औषधांबरोबर यांपैकी काही ना काही करत असतात. ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी’ने २०१४ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार वेगवेगळ्या पाहण्यांत असे उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ३३ ते ८० टक्के आढळले होते. यातले काही उपचार खरोखर दिलासा देतात, काही निरुपयोगी असतात आणि काही घातक ठरू शकतात. हा फरक कसा ओळखायचा?

‘एमएस’ म्हणजे काय?

शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडील नसांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेश अडखळतात. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण किमान दुप्पट आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख रुग्ण आहेत. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचा समावेश आहे.

पूरक उपचारांकडे ओढा का?

आजाराला आवर घालणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले. त्यानंतर अनेक प्रभावी औषधे आली. पण ती मुख्यतः पुढचे नुकसान रोखतात. झालेले नुकसान भरून काढत नाहीत. थकवा, स्नायूंचा ताठरपणा, वेदना राहतातच. औषधे महागही आहेत. शिवाय औषध नीट काम करत असेल, तर रुग्णाला काहीच जाणवत नाही. जो झटका आला नाही, तो दिसणार कसा? याउलट मालिश किंवा योगाने बरे वाटते ते लगेच कळते.

‘गुण आला’ असे का वाटते?

याचे उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये सुरुवातीला आजार झटक्यांच्या रूपात येतो. काही दिवस किंवा आठवडे लक्षणे वाढतात, मग आपोआप पूर्ण वा अंशतः ओसरतात. रुग्ण नवा उपाय शोधतो तो त्रास शिगेला असताना. त्यानंतर बरे वाटले की श्रेय त्या उपायाला जाते. औषधांच्या चाचण्यांत नुसती बनावट गोळी घेणाऱ्या गटातही झटके कमी झालेले दिसतात, ते याचमुळे. म्हणून ‘अमक्याला फरक पडला’ हा अनुभव खरा असला, तरी पुरावा ठरत नाही. त्यासाठी उपचार घेणारा आणि न घेणारा अशा दोन गटांची तुलनाच लागते.

अशा तुलनेत काय टिकले?

अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६९ रुग्णांचे तीन गट केले होते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा योग, व्यायामाची सायकल आणि काहीच नाही. सहा महिन्यांनी योग आणि सायकल या दोन्ही गटांत थकवा कमी झाला. स्मरण-आकलनात मात्र फरक पडला नाही. म्हणजे योगाने थकवा कमी होतो. आजार थांबतो, असे यातून सिद्ध होत नाही. २०१४ च्या आढाव्यात गांजाच्या वनस्पतीपासून केलेल्या प्रमाणित अर्काने ताठरपणा आणि वेदना कमी जाणवतात, असे आढळले. त्याचा अर्थ बाजारातली भांग घ्यावी असा नाही.

काय टिकले नाही?

मधमाशीच्या दंशाची २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये २६ रुग्णांवर चाचणी झाली. ‘एमआरआय’मध्ये वा त्रासात सुधारणा दिसली नाही. इटलीचे डॉ. पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये मानेतल्या अरुंद शिरांमुळे ‘एमएस’ होतो असा सिद्धान्त मांडला आणि हजारो रुग्णांनी त्या शिरा फुगवून घेण्यासाठी परदेशवाऱ्या केल्या. २०१७ मध्ये झांबोनी यांच्याच नेतृत्वाखालील चाचणीत ही प्रक्रिया निष्प्रभ ठरली. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने सुरुवातीला आशा दाखवली. २०२० च्या मोठ्या चाचणीत ती मावळली. ‘ड’ जीवनसत्त्वाचा निकाल संमिश्र आहे. २०२३ च्या चाचणीत नेहमीच्या औषधाला त्याच्या जास्त मात्रेची जोड देऊनही झटके कमी झाले नाहीत. २०२५ च्या फ्रेंच चाचणीत मात्र आजाराच्या अगदी सुरुवातीला दिलेल्या मोठ्या मात्रेचा फायदा दिसला. पण ही मात्रा मनाने घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

धोका नेमका कुठे?

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ ही जाहिरात इतरांना आकर्षक वाटेल. पण ‘एमएस’मध्ये हीच यंत्रणा स्वतःवर उलटलेली असते. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. तरीही ‘एमएस’ची काही औषधे स्वतःच यकृतावर ताण आणतात, हे लक्षात घेता सावधगिरी हवीच. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ च्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले होते. बायोटिनमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. उष्णतेने अनेक रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात, त्यामुळे वाफेचे स्वेदन किंवा सॉना घेताना भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

सर्वांत मोठा धोका मात्र चालू औषध सोडण्याचा. फिंगोलिमोड, नॅटॅलिझुमॅब यांसारखी औषधे अचानक बंद केल्यास आजार पूर्वीपेक्षा जोमाने उसळू शकतो. ‘पूरक’ म्हणजे औषधासोबत. ‘पर्यायी’ म्हणजे औषधाऐवजी. घोटाळा होतो तो हे अंतर पुसले गेले की.

रुग्णांनी काय करावे?

जे काही घेता ते सगळे डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लेबलवर घटकच लिहिलेले नसतील, तर ते घेऊ नका. एका वेळी एकच नवा उपाय सुरू करा आणि थकवा, झोप, चालणे यांची रोज दोन ओळींत नोंद ठेवा. रक्ततपासणीपूर्वी बायोटिन घेत असल्याचे लॅबला सांगा. नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर ‘आधी त्रास वाढतो, मग गुण येतो’ या सांगण्यावर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टला गाठा. आणि कोणी ‘आधी ती गोळी बंद करा’ असे सांगितले, तर तो उपचार पूरक नाही, हे ओळखा.