पहारेकरी घरावर उलटतात तेव्हा

आम्ही वैद्य नव्हे; कामगारांत वावरणारे कार्यकर्ते. खात्यात कोणाला फेफरे आले की कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल. पुढे तो बरळू लागला की 'वेड लागले' म्हणतात आणि त्याची भाकरी जाते. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

फेफरे म्हणजे मेंदूतील विद्युत्-व्यवहारात उठलेला कल्लोळ. डोक्याला मार, जंतुसंसर्ग, आनुवंशिक दोष ही त्याची कारणे आपण ऐकून आहोत. २०१७ च्या जागतिक वर्गीकरणात प्रतिकारशक्ती हेही एक स्वतंत्र कारण गणले गेले. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे क्वचित आपल्याच मेंदूवर चालून जातात. असाच एक आजार जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली उलगडला. तरुण स्त्रियांत कित्येकदा बीजकोशातील गाठ त्याच्या मुळाशी असते. त्या गाठीतील मज्जापेशींविरुद्ध उठलेली प्रतिपिंडे मेंदूलाही शत्रू समजतात.

न्यूयॉर्कची वार्ताहर सुझॅना कॅहॅलन २००९ साली २४ वर्षांची होती. तिला झटके आले, भास होऊ लागले. एका डॉक्टराने दारूवर ठपका ठेवला. अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला घड्याळ काढावयास सांगितले. सारे आकडे तिने उजव्या अर्ध्या भागातच दाटीने लिहिले! मेंदूच्या उजव्या भागाला सूज आहे, हे त्यांनी त्यावरून ताडले. उपचार झाले आणि काही महिन्यांनी ती कामावर रुजू झाली.

उपचार कोणते? फेफऱ्याच्या गोळ्या कल्लोळ शमवतात, हल्ला थांबवीत नाहीत. त्यासाठी शिरेतून स्टेरॉइड व इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा रक्तद्रव बदलतात. गाठ असल्यास काढतात. तेवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या उपचारांनी सुमारे निम्म्यांना चार आठवड्यांत उतार पडला. उपचार जितका लवकर, तितका गुण अधिक, हेही दिसले.

पण पहारेकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली की चोरालाही वाट मोकळी होते. दबलेला क्षय किंवा कावीळ उसळू शकते. स्टेरॉइडने रक्तातील साखर चढते. म्हणून आधी तपासणी आणि नंतर सतत देखरेख हवीच.

प्रत्येक फेफरे असे नसते, हे खरे. परंतु धडधाकट माणसाला एकाएकी झटके येऊ लागले, गोळ्यांना ते जुमानेनात आणि थोड्याच आठवड्यांत त्याचे वागणेही पालटले, तर मांत्रिकाकडे जाऊ नका. मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, 'पाठीच्या कण्यातील पाण्यात प्रतिपिंडे तपासलीत काय?' त्या एका प्रश्नाने एखाद्याचे डोके वाचेल आणि त्याबरोबर त्याच्या घरची चूलही.