पाहुणे कामगार आणि जर्मन सरकारचें धोरण

ता. १० सप्टेंबर १९६४ रोजीं पश्चिम जर्मनींतील कोलोन शहराच्या डॉइट्झ स्टेशनावर एक लहानसा समारंभ झाला. पोर्तुगालहून आलेल्या एका सुतारास पुष्पगुच्छ व एक मोपेड गाडी नजर करण्यांत आली. परदेशांतून कामासाठीं आलेला तो दशलक्षावा मनुष्य ठरला होता. आलेल्या माणसांची इतकी चोख मोजदाद ठेवणाऱ्या सरकारचा हिशेब पुढें एका ठिकाणीं साफ चुकला. तो कसा चुकला, हें समजून घेण्यासारखें आहे.

महायुद्धांतून सावरलेल्या जर्मन कारखान्यांना माणसें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां सरकारनें प्रथम १९५५ सालीं इटलीशीं करार केला. १९६० सालीं स्पेन व ग्रीस यांच्याशीं तसेच करार झाले. १९६१ च्या ऑगस्टमध्यें बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणाऱ्या जर्मन मजुरांचा ओघ एकाएकीं थांबला. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें तुर्कस्थानशीं, १९६४ सालीं पोर्तुगालशीं व १९६८ सालीं युगोस्लाव्हियाशीं करार करण्यांत आले. या कामगारांना जर्मन भाषेंत ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे ‘पाहुणा कामगार’, असें नांव पडलें. धोरणाचें सारें मर्म ‘पाहुणा’ या शब्दांत होतें.

व्यवस्था मोठी शिस्तीची होती. कारखानदारानें आपली मागणी स्थानिक मजूर-कचेरींत नोंदवावयाची. त्या जागेसाठीं जर्मन मनुष्य मिळत नसेल तरच ती परदेशांतील शाखेकडे जाई. इस्तंबूलच्या शाखेंत जर्मन डॉक्टर उमेदवारांची छाती, दांत, रक्त व लघवी तपासीत. कसबाचीही परीक्षा होई. निवड झालेल्या माणसास बहुधा एक वर्षाचा करार मिळे व तो आगगाडीनें म्युनिकला पोंचे. राहण्याची सोय मालकानें करावयाची, आणि सारख्या कामाला जर्मन मजुराइतकेंच वेतन द्यावयाचें, असे नियम होते. यांतील दुसरा नियम जर्मन मजूर-संघांच्या आग्रहाचें फळ होतें. परकीय मजूर स्वस्त पडला, तर स्वदेशी मजुराचें वेतनही खालीं येईल, हें ते ओळखून होते.

तुर्की कामगारानें दोन वर्षांनीं परत जावें व त्याच्या जागीं नवा यावा, असा मूळ बेत होता. परंतु शिकवून तयार केलेला मनुष्य घालवून पुन्हा नवख्याला शिकविणें मालकांना परवडेना. त्यांच्या आग्रहावरून १९६४ सालीं ही मुदत काढून टाकण्यांत आली. पाहुण्याचा मुक्काम लांबूं लागला, तो असा यजमानाच्याच सोयीनें.

१९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले. त्या वेळीं सुमारें २६ लाख परकीय कामगार देशांत होते. ता. २३ नोव्हेंबर १९७३ रोजीं सरकारनें नवी भरती बंद केली. आतां ही गर्दी हळूहळू ओसरेल, अशी अपेक्षा होती. कामगारांची संख्या उतरली खरी. पण परकीय रहिवाशांची एकंदर संख्या १९७३ सालीं सुमारें ४० लाख होती, ती १९८० पर्यंत ४४ लाखांवर गेली. याचें कारण साधें होतें. दार उघडें असतांना मनुष्य गांवीं जाऊन पुन्हा येऊं शकत होता. दार लागतांच, एकदां गेलों तर कायमचे गेलों, हें तुर्की कामगारानें ओळखलें. म्हणून गांवीं जाण्याऐवजीं त्यानें बायकामुलांनाच बोलावून घेतलें. इटालियन कामगारांना मात्र युरोपीय आर्थिक संघाच्या नियमांमुळें येण्याजाण्याची मुभा होती; त्यांच्यांतील पुष्कळजण निर्धास्तपणें मायदेशीं गेले.

१९८३ सालीं बेकार कामगारांना कुटुंबासह कायमचें परत जाण्यासाठीं १०,५०० मार्क देऊं करणारा कायदा झाला. तरी जे गेले त्यांहून राहिले तेच अधिक. त्यांचीं मुलें जर्मन शाळांत शिकलीं, पण कायद्याच्या दृष्टीनें परकींच राहिलीं. जर्मनींत जन्मलेल्या अशा मुलांना जन्मानें नागरिकत्व मिळण्याची वाट, तीही अटींवर, १ जानेवारी २००० रोजीं मोकळी झाली.

जर्मनीस आज पुन्हा माणसें हवीं आहेत. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें तेथील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल कामगार पाठविण्याविषयीं करार केला. त्यामुळें हा इतिहास मराठी घरांनाही परका राहिलेला नाहीं. वेतन, मुदत व परवाना यांचीं कलमें कोणत्याही करारांत असतातच. कामगाराच्या बायकामुलांचें काय, त्याच्या भाषेचें काय, आणि परत येण्याजाण्याची मोकळीक किती, हें मात्र पाठविणाऱ्या घरानें आधीं विचारावें. पाहुण्या कामगारांच्या वेळीं नेमका याच गोष्टींचा विचार राहून गेला होता.