आवडीचाच धंदा टाकू का? टिकीवाल्यांचा हिशोब बघा



बॅचमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, मला अमुक गोष्टीचं प्रचंड वेड आहे. त्याचंच दुकान टाकू का?" कोणाला जुन्या बुलेटचं वेड, कोणाला कोरियन खाण्याचं. माझं वेड जरा लांबचं आहे: टिकी. डोंबिवलीतल्या माझ्या दुकानात एका फळीवर टिकी मग मांडलेले आहेत. गिऱ्हाईक भाव विचारतं, पण ते विकायला नाहीत. आवड आणि धंदा यात फरक कुठे पडतो, ते आज याच टिकीच्या गोष्टीतून समजून घेऊ.

टिकी म्हणजे काय?

पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर माणसाच्या आकाराच्या कोरीव मूर्ती असतात, त्या टिकी. पण ‘टिकी कल्चर’ जन्मलं अमेरिकेत. बांबूच्या भिंती, शहाळी, मंद दिवे आणि रमची पेयं. 1947 मध्ये सहा जण ‘कोन-टिकी’ नावाच्या तराफ्यावरून पेरूहून 101 दिवसांत पॉलिनेशियाला पोचले. ती गोष्ट मी शाळेत वाचली आणि तेव्हापासून हे वेड लागलं. अमेरिकेतही या सफरीने टिकीची क्रेझ आणखी वाढवली.

सजावट कॉपी होते, रेसिपी नाही

सुरुवात केली अर्नेस्ट गॅंट नावाच्या तरुणाने. 1933 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. त्याच सुमारास त्याने हॉलिवूडमध्ये छोटासा बार टाकला, ‘डॉन द बीचकोंबर’. रम तेव्हा स्वस्त मिळायची, म्हणून त्याने रमच धरली. फिरताना जमवलेल्या वस्तूंनी जागा सजवली. छपरावर पाण्याचा पाइप लावून खोटा पाऊसही पाडायचा! बाहेर पाऊस आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक उठतंय कशाला? आणखी एक ग्लास मागवणार.

बांबू काय, कोणीही लावेल. म्हणून त्याने रेसिपी जपली. बाटल्यांवर नाव नाही, फक्त ‘स्पाइसेस नंबर 2’ असा कोड. बारटेंडरने नोकरी सोडली तरी कोड घेऊन करणार काय? त्यातलं ‘डॉन्स मिक्स’ म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक, हे जेफ बेरी नावाच्या अभ्यासकाने कित्येक वर्षांनी शोधून काढलं.

वेड एकाचं, वही दुसऱ्याची

आता महत्त्वाचं. एका बारची साखळी झाली ती त्याची बायको सनी संड हिच्यामुळे. गॅंट महायुद्धावर गेला तेव्हाही धंदा तिनेच वाढवला. दोघांचा घटस्फोट झाला होता आणि ते नाव अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वापरायचा हक्क तिच्याकडे गेला. ज्याने सगळं कल्पिलं, त्याला हवाईत जाऊन नव्याने दुकान मांडावं लागलं. म्हणून नवरा-बायको असोत की मित्र, नाव कोणाचं आणि हिस्सा किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

रे बुहेन या फिलिपिनो बारटेंडरचं उदाहरण तर आपल्यासाठीच आहे. तो गॅंटच्या सुरुवातीच्या बारटेंडरांपैकी एक. 1961 मध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा ‘टिकी-टी’ काढला. बारसमोर जेमतेम डझनभर स्टूल. सत्तरच्या दशकात टिकीची फॅशन ओसरली, मोठमोठी ठिकाणं बंद पडली. पण घरच्याच माणसांनी चालवलेली ही छोटी जागा टिकली.

हिशोब मांडून बघा

समजा, तुम्हाला कल्याणमध्ये कोकम-शहाळ्याच्या पेयांचं थीम दुकान टाकायचंय. दारू नाही, कारण परमिट रूमचं लायसन्स हा वेगळाच विषय. एफएसएसएआयची नोंदणी मात्र लागेलच.

• ग्लासचा भाव 100 रुपये. सामान, बर्फ, ग्लास मिळून 38. हातात राहिले 62.
• सजावट 60,000 रुपये. दोन वर्षांनी ती जुनी दिसणार, म्हणजे महिन्याला 2,500.
• भाडं समजा 25,000.

एकूण 27,500 भागिले 62, म्हणजे महिन्याला 444 ग्लास. 26 दिवस दुकान उघडं धरलं तर रोज 17-18. पगार आणि लाइटबिल अजून धरलेलंच नाही! त्यात फक्त सजावटीपायी महिन्याचे पहिले 41 ग्लास जातात. गिऱ्हाईक पहिल्यांदा सजावट बघून येतं, फोटो काढतं. दुसऱ्यांदा येतं ते चवीसाठी.

थीम कोणाची, हेही बघा

टिकीवर टीकाही होते आणि ती मला पटते. ज्या मूर्तीला तिथले लोक मान देतात, तिचा दारूचा पेला केला गेला. आपल्या देवघरातल्या खंडोबाच्या टाकाचं कोणी असं केलं तर? म्हणून माझ्या फळीवरचे मग मी धंद्यात आणत नाही.

आणि गरज तरी काय? मुंबईत नरीमन पॉइंटच्या ओबेरॉय टॉवर्समध्ये एके काळी ‘आउटरिगर’ नावाचं पॉलिनेशियन रेस्टॉरंट होतं. आउटरिगर म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला लाकडाचा आधार. आपल्या कोकणात त्यालाच उलांडी म्हणतात! नारळ आपला, कोकम आपलं. कल्याण हे जुनं बंदर, 1657 मध्ये स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्याच खाडीवर जहाजं बांधायला घेतली. आगरी-कोळ्यांची चव तर खाडीकाठच्या घराघरांत आहे. त्यांच्यापैकीच कोणाला भागीदार घेतलं, तर थीम उसनी राहत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत तीन ओळी लिहा. सजावट काढून टाकली तर माझ्याकडे विकण्यासारखं काय उरतं? माझी वही कोण लिहिणार? माझी थीम कोणाची, आणि त्यातून त्यांना काय मिळणार? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका. तोवर वेड घरच्या फळीवर ठेवा, तिथे त्याला भाडं पडत नाही.